अकरावा भोंगा

४ डिसेंबर २००६, सोमवार

आज अब्रूचे पार धिंडवडे निघाले. धरणाच्या ऑफिसात आमच्या यंत्राची पहिली चाचणी होती. साहेब खुर्ची ओढून समोर बसले, भगीरथकाकांनी मनातल्या मनात देवाला हात जोडले, मी बटण दाबलं आणि स्क्रीन जागच्या जागी थिजला. बाण हलेना, कीबोर्ड ऐकेना. साहेबांचा चहा पिऊन झाला, बिस्किटं खाऊन झाली, तरी यंत्र तसंच. शेवटी प्रज्वलने सरळ प्लग उपटला आणि म्हणाला, "लोडशेडिंग झालं समजा साहेब." साहेब हसले नाहीत.

वाशिंदला उतरताना काका एवढंच म्हणाले, "हर्षाली, चिडचिड करू नकोस, लिहून काढ." ऑफिसच्या रजिस्टरात काय बदललं ते लिहायचं असतं. इथे या डायरीत काय वाटलं ते लिहीन. वाटलं ते असं की धरणातच उडी मारावी, पण पाणी थंड असेल.

काम तसं साधं आहे. पाणी सोडायच्या आधी नदीकाठच्या अकरा पाड्यांवर भोंगे वाजवायचे. हिवाळ्या-उन्हाळ्यात नदी आटलेली असते, माणसं पात्रात उतरलेली असतात. कुणी वाळूत काकडी-वांगी लावतं, कुणी धुणं घेऊन येतं. वर दरवाजा उचलला की खाली पाणी येतं. म्हणून ऑफिसातला संगणक पाड्यांची नावं एका ओळीत रेडिओवरून पाठवतो. त्या ओळीत ज्या भोंग्याला स्वतःचं नाव दिसलं तो वाजतो. रेडिओ आणि वायरी प्रज्वलच्या, प्रोग्राम माझा, वाशिंदच्या हार्डवेअरच्या दुकानावरची खोली आणि सगळी काळजी भगीरथकाकांची.

६ डिसेंबर, बुधवार

सापडलं. आणि सापडल्यावर मीच माझ्या डोक्यात टपली मारून घेतली.

कर्नल म्हणजे संगणकाचा तळाचा प्रोग्राम, बाकी सगळे त्याच्या जिवावर चालतात. वरचा एखादा चुकला तर तो एकटा मरतो. कर्नलच्या आत काही चुकलं की सगळं घर बसतं. आमच्या रेडिओ कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, कर्नलच्या आत चालतो आणि तो मी लिहिलाय. म्हणजे घर मी बसवलं.

नावांची ओळ तयार करायला मी पाचशे बारा बाइट जागा धरली होती. अशा जागेला बफर म्हणतात. एक नाव लिहायचं, त्याला पुढचं चिकटवायचं, त्याला त्याच्या पुढचं. जागा उरली आहे का हे विचारायचं असतं. मी विचारलं नाही. बफर भरला आणि उरलेलं शेजारच्या जागेत सांडलं. तिथे कर्नलच्या कामाच्या वस्तू मांडलेल्या होत्या, त्या पुसल्या गेल्या. वाशिंदला महिनाभर सुरळीत चाललं, कारण तिथे मी भोंग्यांना अ, ब, क म्हणत होते.

खरी नावं कशी आहेत ते बघा. खात्याच्या कागदावर पाडा एक, पाडा दोन. पण पाड्यांवर जाऊन 'पाडा सात कुठला' विचारलं तर कुत्रंसुद्धा मान वळवत नाही. तिकडे बुधवारी जन्मला तो बुधू आणि जन्मली ती बुधी, त्यामुळे ज्यांनी पाडे वसवले त्यांच्यात बुधूच बुधू. वरच्या बुधूचा पाडा, खालच्या बुधूचा पाडा, आंब्याखालच्या बुधूचा पाडा. मी धरणाच्या चौकीदाराला, कोंडूमामाला, विचारलं होतं की नुसतं 'बुधू' लिहिलं तर चालेल का. तो पोट धरून हसला. "मंग कंच्या बुधूला पलवायचा गो बाय? तिघं पन पलतील नायतर तिघं पन बसून रातील."

काकांनाही नंबर नकोच होते. त्यांचं म्हणणं, नंबर चुकला तर कुणाला कळणार नाही, नाव चुकलं तर ऑफिसातल्या शिपायालाही कळेल. ते बरोबर आहे. पण मराठीतलं एकेक अक्षर संगणकात तीन बाइट खातं, काना-मात्रा वेगळे. अकरा नावांनी माझा बफर कधीच ओलांडला.

हा कोंडूमामा म्हणजे भोंग्याच्या आधीचा भोंगा. पाणी सोडायचं ठरलं की सकाळी निघतो, नदीकाठाने चालत एकेका पाड्यावर हाळी देतो, शेवटच्या पाड्यावर चहा पितो आणि परत येऊन 'झालं' सांगतो. मग दरवाजा उचलायचा. मी नावं भरली ती त्याच्याच चालीने, पहिला पाडा पहिला, शेवटचा शेवटी. दुसरा क्रम मला कुठे माहीत होता?

९ डिसेंबर, शनिवार

दुरुस्ती झाली!! स्ट्रकॅट नावाचं जे फंक्शन डोळे मिटून चिकटवत जातं ते काढून टाकलं आणि त्याचं शहाणं भावंड बसवलं, स्ट्र-एल-कॅट. त्याला बफर केवढा आहे ते आधी सांगायचं. जागा असेल तेवढंच ते लिहितं, जागा संपली की थांबतं. शेजारी एक थेंब सांडत नाही.

अकरा खरी नावं घालून बटण दोनशे वेळा दाबलं. मग अकराच्या ऐवजी शंभर नावं घातली. हूं नाही की चूं नाही. आता कुणी महाभारत लिहून घातलं तरी यंत्र बंद पडणार नाही. काकांनी खालून वडापाव मागवले. प्रज्वल म्हणाला, "चला, बाई सुधारल्या." मी त्याच्या पावातली मिरची जास्त तिखट निघो असं म्हटलं, तर ती माझ्याच वाट्याला आली.

संध्याकाळी तो मला आसनगावपर्यंत मोटरसायकलवर सोडायला आला. त्याचं घर वाशिंदच्या दुसऱ्या टोकाला, एका स्टेशनासाठी पेट्रोल कशाला जाळतो कोण जाणे. नवीन हेल्मेट घेतलंय म्हणे, बायकांच्या मापाचं. दुकानदाराने फसवला असणार.

१७ डिसेंबर, रविवार

आज शेवटचा, अकरावा भोंगा लावला. खालच्या बुधूचा पाडा. मुरबाडच्या बाजूने मोटरसायकल नदीपर्यंतच जाते. पुढे पात्रातून दगडांवरून पलीकडे, मग चढ. बॅटरी प्रज्वलच्या डोक्यावर, भोंगा माझ्या काखेत.

भोंगा लहानीमावशीच्या घराच्या वाशावर बसवला, कारण तिचं घर नदीच्या सगळ्यात जवळ. ती आणि तिचा नवरा कमळू, दोघंच घरात. पोरी लग्न होऊन गेल्या. खाली वाळूत त्यांची काकडी आहे, भोपळा आहे, चार ओळी वांगी आहेत. तीन वर्षांपूर्वी कोंडूमामा तापाने पडला होता, हाळी आली नाही, पाणी आलं. लावलेलं सगळं गेलं, दोन शेळ्या गेल्या. कमळूमामा वाहत जाऊन करंजाच्या मुळांना अडकला म्हणून वाचला. तेव्हापासून त्याला एका कानाने ऐकू येत नाही. लहानीमावशी हे सगळं वांगी तोडता तोडता सांगत होती.

मी तिथल्या तिथे भोंगा वाजवून दाखवला. कोंबड्या उडाल्या, कमळूमामा खालून धावत वर आला. मावशीला हसू आवरेना.

"येला ऐकाय येतं म्हंजे चांगला हाय गो. पन धरनावरनं वाजंल ना?"

"वाजेल मावशी."

"कोंडूदादा नाय येनार आता?"

"कशाला यायचं? त्याचे पाय वाचले की."

"चहा कोन पिनार मंग," ती म्हणाली. मग परत, "पन वाजंल ना?"

तिने हे पाच-सहा वेळा विचारलं असेल. शेवटी मला जरा रागच आला. मी म्हटलं, मावशी, संगणकात तुमच्या पाड्याचं नाव मी स्वतः घातलंय, आख्खं, खालच्या बुधूचा पाडा असं. तेव्हा तिने माझ्या पिशवीत दोन काकड्या टाकल्या. माणसांना नवीन गोष्टीवर विश्वास ठेवायला वेळ लागतो.

३ जानेवारी २००७, बुधवार

पहिल्या चाचणीनंतर साहेबांना घाई झाली आहे, म्हणून आज सगळे भोंगे एकदम वाजवून पाहिले. आधी एकेक करून वाजवलेच होते, तेव्हा अकराच्या अकरा उत्तम. आजची एकत्र चाचणी. यंत्र मस्त चाललं, थिजलं नाही, अडखळलं नाही. ऑफिसच्या गच्चीवरून जवळचे तीन-चार भोंगे स्वच्छ ऐकू आले. पुढच्या पाड्यांवर प्रज्वल मोटरसायकलवरून विचारत गेला.

लांबच्या पाड्यांवर विचारायला मात्र कुणी नव्हतं. आज म्हसाची जत्रा. बैल बघायला, घोंगड्या घ्यायला, नवस फेडायला आख्खे पाडे तिकडे गेलेले. कुत्री आणि ऐकू न येणारे म्हातारे सोडून घरात कोणी नाही. प्रज्वल म्हणाला, उद्या परत करूया. साहेब म्हणाले, उद्या मीटिंग आहे. मी म्हटलं, एकेकटे वाजलेत, आता जवळचेही वाजलेत, मग लांबच्यांनी काय घोडं मारलंय? प्रोग्राम तर तोच.

साहेबांनी सही केली. परत येताना आम्हीही जत्रेत घुसलो. मी आईसाठी घोंगडी घेतली, प्रज्वलने दोन बांगड्या घेतल्या आणि मला विचारलं कुठला रंग चांगला. मी म्हटलं, ज्या बिचारीला घालायच्यात तिला विचार. तर तोंड पाडून बसला. बहिणीला आवडणार नाहीत असं वाटलं असेल.

१३ जानेवारी, शनिवार

यंत्र खात्याच्या ताब्यात दिलं. नारळ, हार, पेढे. साहेबांच्या भाषणात माझं नाव 'हर्षदा' झालं. कोंडूमामाला आता ऑफिसातच बसायचं आहे, फाटकाजवळ. तो खुर्चीत नवरदेवासारखा अवघडून बसला होता. मी म्हटलं, मामा, आता आराम. तो म्हणाला, "आराम बरा, पन पाय कुरकुरतात गो."

आई म्हणते काम संपलं तर आता स्थळं बघू. संपलं म्हणून काय मी म्हातारी झाले?

२३ जानेवारी, मंगळवार

नवं यंत्र लागल्यावर आज पहिल्यांदा पाणी सोडलं. मी वाशिंदला होते. दुपारी काकांना साहेबांचा फोन आला. काका ऐकत होते आणि त्यांचा चेहरा उतरत होता. खालच्या बुधूच्या पाड्यावर भोंगा वाजला नाही.

कमळूमामा काकडीत होता. पाणी आलेलं त्याला उशिरा कळलं, तो मधल्या मोठ्या खडकावर चढला आणि पाणी उतरेपर्यंत तिथेच बसून राहिला. बाकी दहाही पाड्यांवर भोंगे वाजले. जीव वाचला. काकडी-वांगी सगळी गेली.

काका म्हणाले, "उद्या सकाळी तू आणि प्रज्वल जा. बघा भोंग्याला काय झालंय." भोंग्यालाच झालं असणार. माझ्या बाजूने यंत्राने काही तक्रार केलेली नाही.

२४ जानेवारी, बुधवार

हे लिहायला हात धजत नाही, पण लिहिते.

आम्ही चढून गेलो तर लहानीमावशी दारातच उभी होती. कमळूमामा गोधडीत पडलेला, अंगात ताप. मी काही विचारायच्या आधीच ती माझ्या हाताला धरून म्हणाली, "बाय, माज्या हातून चुकलं गो. दव पडतंय म्हनून मी त्याच्यावर फडका बांधला. त्यानं गुदमरला असंल. तूच सांगितलंतंस ना, हात लावू नको म्हनून. मी लावला."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती माझी माफी मागत होती.

आणि खरं लिहायचं तर एक क्षणभर मला हायसं वाटलं. फडका तर फडका. माझं नाही ना!

प्रज्वलने फडका सोडला, डबा उघडला, बॅटरी तपासली, सगळं ठीक. मग तो नदीपलीकडच्या रस्त्यावर गेला, तिथल्या दुकानातून ऑफिसात फोन करून त्याने एकटा अकरावा भोंगा वाजवायला सांगितला. इथे खणखणीत वाजला. फडका बांधून वाजवला, तरी वाजला. मी मावशीला सांगितलं की फडक्याचं काही नाही, बघतो आम्ही. ती ऐकतच नव्हती. "नाय गो, माजीच चूक," म्हणत राहिली. मी जास्त बोलले नाही, परत निघाले. का बोलले नाही?

२५ जानेवारी, गुरुवार

माझीच चूक आहे. सगळीच्या सगळी.

सकाळी यंत्राने रेडिओवर नेमकं काय पाठवलं ते छापून काढलं. दहा नावं पूर्ण. मग 'खालच्या', मग पुढच्या शब्दाचा तुकडा, आणि ओळ संपली. बफर संपला होता. स्ट्र-एल-कॅटने मी सांगितलं तसंच केलं, जागा होती तेवढं लिहिलं आणि थांबलं. भोंग्याला स्वतःचं पूर्ण नाव दिसलं नाही, म्हणून तो गप्प बसला. एकेकटा वाजवताना नाव एकच, ते मावतं. सगळे एकत्र वाजवायचे तेव्हाच शेवटचा गळणार, आणि एकत्र वाजवून पाहिले त्या दिवशी पाड्यावर ऐकायला कोणी नव्हतं.

सगळ्यात लागलं ते पुढचं. ते फंक्शन काम झाल्यावर एक आकडा परत देतं. सगळं लिहायला एकूण किती जागा लागली असती, तो आकडा. म्हणजे ते मला प्रत्येक वेळी सांगत होतं की मावलं नाही. दोनशे वेळा बटण दाबलं तेव्हा दोनशे वेळा सांगितलं. मी तो आकडा कधी घेतलाच नाही, त्या ओळीवरून नुसती पुढे गेले. मला फक्त कर्नल मरू द्यायचा नव्हता. कर्नल वाचला म्हणून मी वडापाव खाल्ले.

पहिल्या दिवशी यंत्र थिजलं ते परवडलं म्हणायचं. निदान सगळ्यांना दिसलं तरी.

काकांना सांगितलं. वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "मला वाटलं, बंद पडत नाही म्हणजे झालं. मी पण विचारलं नाही." मग, "साहेबांना मी सांगतो. लहानीबाईंना तू सांग." कामाचा ठेका हातचा जाईल हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी लगेच फोन उचलला आणि साहेबांना सांगितलं, आमचं यंत्र चुकलंय, भोंगा नाही, यंत्र दुरुस्त होईपर्यंत कोंडूला परत चालत पाठवा.

२७ जानेवारी, शनिवार

गेले. कमळूमामाचा ताप उतरलाय, अंगणात बसून दोर वळत होता. मी सगळं सांगितलं. बफर वगैरे काय सांगणार, म्हटलं, मावशी, नावं लिहायला मी टोपली लहान घेतली. तुमचं नाव शेवटचं, ते टोपलीत मावलं नाही, आणि मावलं नाही हे मी बघितलं नाही. फडक्याचा काही संबंध नाही. तुमची चूक नाही, माझी आहे.

कमळूमामाचा हात दोरावर थांबला. मला वाटलं आता शिव्या देणार. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी घाईघाईने म्हटलं, "आता तुमचं नाव पहिलं घालते."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. "मंग शेवटाला कोन?"

मी मनात नावं मोजली, कुणीतरी शेवटी येणारच होतं.

"त्यांची बी पोरं नदीत असतात गो," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. मी चहा प्यायले. उतरताना पात्रातल्या दगडावर प्रज्वलने हात पुढे केला. एरवी मी झिडकारला असता.

११ फेब्रुवारी, रविवार

दोन आठवडे डायरीला हात लावला नाही. रात्रंदिवस हेच काम चाललं होतं.

आता ड्रायव्हर आधी सगळी नावं मोजतो, मग तेवढी जागा मागतो. जागा मिळाली नाही तर अर्धवट काहीही पाठवत नाही, सरळ 'जमलं नाही' असं वर सांगतो. लिहून झाल्यावर परत ताडून बघतो, लागणारी जागा आणि लिहिलेलं एकच आहे का. नसेल तर थांबतो आणि ओरडतो. हे मी आधीच करायला हवं होतं.

पण तेवढ्याने माझं समाधान होईना. आपण पूर्ण पाठवलं म्हणजे तिकडे पोचलं असं थोडंच आहे? प्रज्वल म्हणाला, भोंग्यातल्या रेडिओला उलट बोलता येतं, आपण ती वायर जोडलेलीच नाही. तर आता ती जोडली. भोंगा वाजला की स्वतःचं नाव परत पाठवतो. अकरा नावं परत आली तरच स्क्रीनवर 'सर्व पाडे झाले' असं उमटतं. एकही कमी असेल तर ते नाव लाल अक्षरात तसंच राहतं, आणि ते पुसायचं बटण मी दिलेलंच नाही. साहेबांनी विचारलं, समजा अडकलं तर? मी म्हटलं, तर माणूस पाठवायचा.

यावेळी एकत्र चाचणी तीनदा केली. मी स्वतः लहानीमावशीच्या अंगणात उभी राहिले. तिन्ही वेळा वाजला. कोंबड्यांनाही सवय झाली आहे.

२० फेब्रुवारी, मंगळवार

आज परत पाणी सोडायचं होतं. साहेबांनी मला, काकांना, प्रज्वलला, तिघांनाही ऑफिसात बोलावून बसवलं. भरवसा नव्हता आणि का असावा?

नऊला बटण दाबलं. नावं एकामागून एक हिरवी होत गेली. दहा झाली. अकरावं लालच. खालच्या बुधूचा पाडा, आख्खं नाव, एकही अक्षर न तुटलेलं, लाल.

परत दाबलं. लाल.

साहेब म्हणाले, "परत तेच? परत तोच पाडा?" मी छापील प्रत काढली. पाठवलेल्या ओळीत अकरा नावं पूर्ण होती. मोजलेलं आणि लिहिलेलं जुळत होतं. मी दोनदा बघितलं, मग प्रज्वलला बघायला लावलं.

तेवढ्यात फोन वाजला. खालच्या कालव्यावरची माणसं पाण्याची वाट बघत होती, पाणी का सुटत नाही असं वरून कुणीतरी साहेबांना झापत होतं. साहेबांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि मला विचारलं, "बाई, खरं सांगा. तुमच्या यंत्रात गडबड आहे का? असेल तर सांगा, मी दरवाजा उचलतो. एका पाड्यासाठी किती थांबायचं?"

'गडबड आहे' म्हणणं केवढं सोपं होतं. नाहीतरी यंत्र परत चुकलं असंच सगळ्यांना वाटत होतं.

मी म्हटलं, "नाही साहेब. यंत्र बरोबर सांगतंय. तिकडे कुणाला कळलेलं नाही. दरवाजा उचलू नका."

काका उठून माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. साहेबांनी फोनवर सांगितलं, "एक पाडा बाकी आहे. झाला की सोडतो." पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू आला. त्यांनी रिसीव्हर कानापासून लांब धरला.

प्रज्वल कोंडूमामाला मागे बसवून निघाला. आम्ही बसून राहिलो. साहेबांना आणखी दोन फोन आले, दोन्हींना त्यांनी तेच उत्तर दिलं. तिसऱ्या वेळी फोन उचललाच नाही. मी स्क्रीनकडे बघत होते. माझं चुकलं असेल तर? तिकडे सगळे घरात बसून चहा पीत असतील आणि मी आख्खा कालवा अडवून ठेवला असेल तर?

बऱ्याच वेळाने मोटरसायकलचा आवाज आला. कोंडूमामा गुडघ्यापर्यंत भिजलेला, धापा टाकत आत आला. भोंग्याच्या डब्यात मुंगळ्यांनी घर केलं होतं म्हणे, बॅटरीची तार कुरतडून टाकलेली. तो खुर्चीत बसला नाही, दाराला धरून उभा राहिला.

"आख्खा पाडा नदीत व्हता साहेब. परवा लगीन हाय तिथं, गोधड्या धुवाया उतरलं समदं. लहानी, कमळू, म्हाताऱ्या. तान्ही पोरं वाळूत निजवलेली. नवरी सुदिक पान्यात उभी व्हती. समद्यांना वर चढवलं, मंग आलो."

काकांनी खिशातून रुमाल काढला. मला रडू फुटलं, सरळ सगळ्यांसमोर, आणि मी ते लपवलं नाही.

साहेबांनी कोंडूमामाला स्वतःच्या हाताने पाण्याचा ग्लास दिला. मग फोन उचलून दरवाज्यावरच्या माणसाला म्हणाले, "आता सोडा."